हात लावायचा नाही

१९९८ साली डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या, पहिल्या नोकरीत मला चप्पल दाराबाहेर काढून आत जावं लागायचं. बाहेर छापखाना, शाईचा आणि रॉकेलचा वास, मशीनची खडखड. काचेच्या दारापलीकडे एसी, निळा गालिचा आणि दोन कॉम्प्युटर. देवघरच ते. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कीबोर्ड आणि माऊस एवढंच आपलं. बाकी कशाला हात लावायचा नाही." बाकी म्हणजे टेबलाखालचा तो पिवळट पांढरा डबा. त्याच्या पाठीमागे मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक खोचलेलं असायचं, काडेपेटीएवढं. ते निघालं की मराठी बंद. केर काढणाऱ्या मावशींना त्या टेबलाच्या आसपास फिरकायची बंदी होती. संध्याकाळी निघताना सगळ्या मशीनांवर कापडी झबली चढवायची, की झाला दिवस.

त्या डब्याला हात लावायचा अधिकार एकट्या हार्डवेअरवाल्याचा. तो स्कूटरवरून यायचा, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. "काय करतंय?" "चालूच होत नाही, नुसतं पीं पीं करतंय." मग डबा आडवा करायचा, पत्रा सरकवायचा, आतून एक हिरवी पट्टी उपसायचा आणि माझ्याकडे न बघता हात पुढे करायचा. "खोडरबर." प्रुफांच्या पेन्सिलीशेजारी पडलेला खोडरबर मी द्यायची. पट्टीच्या सोनेरी दातांवर तो चार वेळा घासून फुंकर मारायचा, पट्टी जागेवर बसवायचा. मशीन चालू. दीडशे रुपये.

ती पट्टी म्हणजे रॅम, कॉम्प्युटरची चालू कामापुरती स्मरणशक्ती, हे मला कितीतरी उशिरा कळलं. दातांवर बसलेला मळ खोडरबरानं निघतो हे खरं, पण निम्मं काम पट्टी काढून परत नीट बसवण्यातच होतं, हेही नंतर कळलं. तेव्हा मात्र मला ते मंत्र घातल्यासारखं वाटायचं. आणि मंत्र ज्याचे त्यानंच म्हणायचे असतात.

सव्वीस वर्षं मी कॉम्प्युटरवर पोट भरलं आणि एकदाही त्याचं झाकण उघडलं नाही. हे मला जाणवलं २०२४च्या जुलैत. दिवाळी अंकाची कामं सुरू झाली होती. अडीचशे पानांची फाइल, जाहिरातींचे जड फोटो, आणि लॅपटॉप असा की पान उलटायला सांगितलं तर विचार करून सांगतो म्हणणारा. रॅम वाढवून घ्यावी म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "मॅडम, याची रॅम सोल्डर केलेली आहे. निघत नाही." म्हणजे खोडरबराचीही सोय ठेवली नव्हती लोकांनी. मी तिथल्या तिथे ठरवलं, आता जे घ्यायचं ते उघडता येणारं, आणि उघडणार मीच.

भाच्याला बरोबर घेतलं. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून पायी लॅमिंग्टन रोड. रस्त्याचं नाव कधीच बदललंय, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असंच आहे. पण १९०३ ते १९०७ अशी चार वर्षं मुंबईचा गव्हर्नर राहिलेला लॉर्ड लॅमिंग्टन टॅक्सीवाल्यांच्या तोंडातून काही जायला तयार नाही. एके काळी हा रस्ता सिनेमाचा. मिनर्व्हा, नाझ, अप्सरा. आता प्रत्येक जिन्याखाली, बोळात, पहिल्या मजल्यावर प्रोसेसर आणि केबली. पाऊस असा की दुकानांच्या पुढच्या ताडपत्र्यांनी माना टाकल्या होत्या.

दुकानदार सगळं भाच्याशी बोलला. भाचा कॉमर्सचा, त्याला गेम खेळता येतात एवढाच त्याचा या विषयाशी संबंध. यादी माझ्या हातात, पैसे माझ्या पर्समध्ये, पण प्रश्न त्याला, "भाई, बजेट कितना है?" मी सांगितलं, रायझन पाच ७६०० प्रोसेसर, बी ६५०चा मदरबोर्ड, बत्तीस जीबी डीडीआर फाइव्ह रॅम. तो भाच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम को टायपिंगही करना है ना?" सव्वीस वर्षांत मी किती अंक, किती पुस्तकं लावली ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. ग्राफिक कार्ड गळ्यात मारायचा त्यानं प्रयत्न केला. या प्रोसेसरच्या पोटात कामापुरतं ग्राफिक असतं, मला गेम खेळायचे नाहीत, असं मी म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बिनदिव्यांची रॅम मात्र शिल्लक नव्हती. जी मिळाली ती सात रंगांत चमकणारी. "गणपती जवळ आलेत, आरासही होईल," भाचा म्हणाला. पक्कं बिल घेतलं, अठरा टक्के जीएसटीसकट. एकूण बावन्न हजारांच्या आतबाहेर. खोकी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, कॅबिनेट मांडीवर घेऊन, सहा अठ्ठावन्नच्या गर्दीत आम्ही परत आलो. दादरच्या पुलावर एका काकांनी विचारलं, "मिक्सर का?"

रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. सासूबाई पलीकडे शेपू निवडत बसल्या. खोकी उघडल्यावर म्हणाल्या, "यातला कॉम्प्युटर कुठला?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची पद्धत आहे. मीही जन्मभर म्हणत आले. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसरची चिप, मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चार सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटर, काजू कतलीएवढा, कडांना खाचा असलेलं धातूचं टोपण आणि खाली ओळीनं सोनेरी ठिपके. सासूबाईंच्या तळहातावर ठेवावासा वाटला, पण नाही ठेवला. स्थिर विजेनं चिप मरते असं सगळे सांगतात. जुलैतल्या डोंबिवलीत डब्यातला पापड मऊ पडतो, तिथे ठिणगी कसली उडतेय. तरी दर थोड्या वेळानं मी कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावून येत होते, सोवळ्यातल्या बाईसारखी.

बोर्डावर प्रोसेसरची जागा म्हणजे चौकोनी वाफा, त्यात सतराशे अठरा पिना, केसाहून बारीक. एक वाकली तर बोर्ड गेला. एका कोपऱ्यात इवलासा त्रिकोण असतो, प्रोसेसरवरही असतो. त्रिकोणाला त्रिकोण जुळवून चिप नुसती ठेवायची. दाबायची नाही. इथवर सोपं होतं. मग लोखंडी चौकट वर आणायची आणि बाजूची दांडी खाली दाबायची. ही दांडी सहज खाली येत नाही. अर्ध्यावर आली आणि करकर वाजलं, सुपारी अडकित्त्यात धरल्यावर वाजतं तसं. मी थांबले. पुस्तिका पुन्हा वाचली. दाबा, असंच लिहिलं होतं. श्वास रोखून जोर लावला, तर फट्‌ आवाज होऊन एक काळा तुकडा उडून शेपूत पडला.

"तुटलं का गं?" सासूबाई म्हणाल्या.

तो संरक्षक प्लॅस्टिकचा तुकडा होता आणि तो असाच उडायचा असतो. हे पुस्तिकेत चित्रासकट होतं, पुढच्या पानावर.

मग हात सैल झाला. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. दोन्ही टोकांना कट्ट ऐकू येईपर्यंत अंगठ्यानं दाबायच्या. पंख्याचे चार स्क्रू एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडे थोडे. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवला आणि त्याची सगळी भोकं पत्र्यातल्या पितळी खुंट्यांवर बरोबर बसली. याचं मला सगळ्यांत जास्त नवल वाटलं. आमच्या घरात एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत. इथे बोर्ड एका कंपनीचा, डबा दुसरीचा, वीज पुरवणारा एसएमपीएस तिसरीचा, आणि स्क्रू कुठलाही घ्या, बसतो. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स नावाचं मोजमाप ठरवून दिलं, भोकं कुठे, पोर्ट कुठे, वीज कुठून, आणि बहुतेक कारखाने अजून त्याच घराण्याची मापं पाळतायत. त्याच्याही आधी, १९८१मध्ये, आयबीएमनं आपला पीसी बाजारातल्या सुट्या भागांतून जुळवला आणि त्याचे आराखडे छापून विकले, म्हणून तर हा सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हाचा तो पिवळट डबाही पत्रा सरकवून उघडायच्याच जातीचा होता. चप्पल काढायला कंपनीनं सांगितलेलं नव्हतं.

मध्ये एक तास समोरच्या बटणाच्या वायरींत गेला. पॉवर, रीसेट आणि दोन दिवे यांच्या सुट्या वायरी, प्रत्येकीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं काळं टोपण, आणि त्या घालायच्या पिना बोर्डाच्या तळाशी कोपऱ्यात. चाळिशीनं दाद दिली नाही. शेवटी छपाईचे ठिपके तपासायचं भिंग आणलं. दिव्यांना उलटसुलट चालत नाही, बटणाला कसंही चालतं. हे आधी माहीत असतं तर अर्धा तास वाचला असता.

चार वाजता मागचा खटका चालू करून समोरचं बटण दाबलं. पंखे फिरले. रॅम सात रंगांत उजळली. सासूबाईंनी हात जोडले. मॉनिटर काळा.

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, कुठे अडलंय ते सांगणारे. त्यातला रॅमचा पिवळा दिवा पेटून राहिला होता. मिनीटभर पाहिलं, बंद केलं. परत चालू केलं. काळा. परत बंद. रॅम काढून घातली. पुन्हा चालू, पुन्हा तेच. चौथ्या वेळेला मी काय केलं असेल ते सांगायलाच नको. पाच तासांपूर्वी सीलबंद खोक्यातून निघालेल्या त्या पट्टीचे लखलखीत सोनेरी दात मी लेकीच्या कंपासपेटीतल्या खोडरबरानं घासले.

तरी काळाच. मग फोन लावला. हार्डवेअरवाला आता सीसीटीव्हीची कामं घेतो, कॉम्प्युटर दुरुस्तीत काही राहिलं नाही म्हणतो. पण नंबर तोच आहे.

"ताई, तुम्ही स्वतः जोडलात?" त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "डीडीआर फाइव्ह ना? मग काही झालेलं नाही. पहिल्यांदा वेळ घेतं ते. तुम्ही मधेच बंद करताय, म्हणून दर वेळी पहिल्यापासून सुरू करतंय. आता चालू करा आणि दहा मिनिटं हात लावू नका."

"हात लावू नका?"

"अजिबात. आणि खोडरबर नाही ना लावलात?"

"छे," मी म्हटलं आणि चादरीवरचा रबराचा कीस हातानं खाली झटकला.

मी खुर्ची लांब सरकवून बसले. बोर्ड त्या वेळात काय करत असतो ते नंतर वाचलं. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या प्रत्येक रेघेवरून संदेश जायला किती वेळ लागतो ते मोजून, सगळ्यांचा ठेका जुळवत बसलेला असतो. एकदा जुळला की टिपून ठेवतो, पुढच्या वेळी भराभर चालू होतो. छापखान्यात चार रंगांच्या प्लेटा रजिस्टरला, म्हणजे एकमेकींवर तंतोतंत, बसवताना मशीनमन सुरुवातीचे किती कागद रद्दीत घालतो ते मी अनेक वर्षं पाहिलंय. तेव्हा त्याच्यामागे जाऊन कुणी "झालं का?" म्हणालं की तो शिव्या घालायचा. मी त्या बिचाऱ्याचं मशीन चार वेळा बंद केलं होतं.

साधारण सहाव्या मिनिटाला मॉनिटरवर कंपनीची खूण उमटली आणि खाली अक्षरं. बत्तीस जीबी. मी ओरडले असणार, कारण शेजारच्या काकू दारात आल्या.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. विंडोज घालताना ते इंटरनेट मागू लागलं आणि इंटरनेटचा ड्रायव्हर विंडोज घातल्याशिवाय पडेना; मोबाइल केबलनं जोडून तेवढी वेळ मारून नेली. खोक्यावर ६००० असा वेग लिहिलेली रॅम ४८००नंच धावत होती, तिला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत, जाऊन एक्स्पो नावाचा पर्याय निवडून जागं करावं लागलं, आणि पुन्हा तो काळा पडदा आला; या वेळी मी चहा टाकायला उठले. रात्री दिवाळी अंकाची फाइल उघडली. अडीचशे पानं अशी सरकली की मी दोन वेळा उगीचच शेवटपर्यंत जाऊन आले.

आठवडाभर सासूबाई मोजपट्टी घेऊन टेबलापाशी घुटमळताना दिसत होत्या. मी त्यांना सांगितलं होतं, "आई, याला झबलं नको. वरून गरम हवा बाहेर पडते, पुढून आत जाते, झाकलं तर तापेल." त्या बरं म्हणाल्या होत्या.

काल कव्हर तयार झालं. जुन्या इरकलीचं, खाली काठ. पुढे दोन आणि माथ्यावर एक अशी पावणेपाच इंचांची गोल भोकं, पंख्यांच्या बरोबर समोर, आणि तिन्हींच्या कडेनं हातानं काजं शिवलेलं.