तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी सिक्वेन्स कसा ओळखतं?

प्रोटीन डीएनएला धरतं तेव्हा मधलं पाणी ओळख पटवायला मदत करतं, असं मी म्हणत असते. त्यावर प्रश्न असा: पाणी तर सगळं सारखंच, मग ते प्रोटीनला डीएनएमधला ठराविक सिक्वेन्स, म्हणजे बेसचा (ए, टी, जी, सी या डीएनएच्या अक्षरांचा) क्रम, कसा ओळखून देणार? हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून ठेवते.

पाणी ओळखतं असं मी कधी म्हटलंच नाही हो. रेणू सारखाच, पण मेजर ग्रूव्हमध्ये, म्हणजे डीएनएच्या रुंद खाचेत, तो कुठे बसणार ते बेस ठरवतात, कारण प्रत्येक बेसजोडीच्या कडेला हायड्रोजन बाँड देणारे-घेणारे अणू वेगळ्या क्रमाने असतात. सिक्वेन्स बदलला की पाण्याची मांडणी बदलते आणि प्रोटीन ती मांडणी वाचतं. शिवाय समोरासमोरचे, एक प्रोटीनचा आणि एक बेसचा, असे दोन्ही अणू नुसते घेणारेच असले तरी मध्ये पाणी आलं की जमतं, ते दोन्हीकडे देऊ शकतं.

हेच मी एकदा एका टॉकमध्ये सांगत होते. उदाहरण ट्रिप रिप्रेसरचं, म्हणजे जीन बंद ठेवणाऱ्या एका प्रोटीनचं, दुसरं कुठलं असणार. १९८८ साली सिग्लरच्या ग्रुपने त्याचं ऑपरेटर डीएनएसोबतचं (ते जिथे बसतं त्या तुकड्यासोबतचं) क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे कुठला अणू कुठे आहे ते दिलं, त्यात थेट बाँड बहुतेक सगळे फॉस्फेटशी, म्हणजे डीएनएच्या कण्याशी, आणि फॉस्फेट काय कुठल्याही सिक्वेन्सला असतातच, बेसशी संबंध आला तो मुख्यतः पाण्यामार्फत. स्लाइड अजून पडद्यावर होती तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक सीनियर म्हणाले, "जिथे हात पुरत नाही तिथे तुम्ही लोक पाणी घालता." हॉल हसला. मीही हसले, काय करणार. मग १९९४चं काम सांगितलं, की नुसत्या डीएनएच्या क्रिस्टलमध्ये, प्रोटीन नसतानाही, पाणी त्याच जागांवर सापडलं. "म्हणजे क्रिस्टलला साक्षीदार क्रिस्टलच?" म्हटलं, बेस बदलूनही बघितलंय सर, पकड ढिली होते. तर म्हणे, "बेस बदलला की डीएनएचा आकार बदलतो, वाकायची तयारी बदलते, त्यातलं पाण्याचं किती ते वेगळं काढून दाखव." तेवढ्यात वेळ संपली. टोमणा मी विसरले असते, पण हा शेवटचा मुद्दा बरोबर होता, आणि तो अजून छळतो. कारण हे वेगळं काढणं खरंच अवघड आहे, पाणी हलवायचं तर बेस हलवावा लागतो आणि बेस हलवला की सगळंच हलतं.

आणि पूर्वीची मी जे ठासून सांगायचे, की पाणी म्हणजे प्रोटीनचाच लांबवलेला हात, ते आता तितकं ठासून सांगवत नाही. इको आर वन घ्या, डीएनए कापणारं एन्झाइम. ते जीएएटीटीसी ही आपली साइट धरतं तेव्हाच्या तुलनेत भलत्याच डीएनएवर बसलेलं असताना मध्ये साधारण ११० पाण्याचे रेणू जास्त अडकलेले असतात, असं १९९६मध्ये मोजलं गेलं. म्हणजे इथे ओळख पटते ती पाणी बाहेर काढून! मग मदत कुठली, असण्याची की जाण्याची? माझ्या मते दोन्ही, पण यावर माझं माझ्याशीच भांडण चालू असतं. त्यात एनएमआरवाले, म्हणजे रेणूंची हालचाल मोजणारे, सांगतात की इंटरफेसवरचे, म्हणजे प्रोटीन आणि डीएनए भेटतात तिथले, पाण्याचे रेणू सारखे बदलत असतात, खुर्ची तीच, बसणारा वेगळा. २००१मध्ये प्रोटीन-डीएनएच्या १०९ जोड्यांची (कॉम्प्लेक्सची) स्ट्रक्चर्स तपासली तेव्हा तर बहुतेक पाणी नुसतं सारख्या चार्जमधलं रिपल्शन कमी करताना दिसलं, पूल बांधणारं थोडंच. त्या सीनियरना हे फार आवडलं असतं.

पण थोडंच म्हणजे शून्य नाही ना! तेव्हा डॉकिंग करणाऱ्यांनो, म्हणजे रेणू कसे जुळतात ते कॉम्प्युटरवर बघणाऱ्यांनो, स्ट्रक्चरची फाइल उघडल्या उघडल्या पाणी डिलीट करता, ते करायच्या आधी निदान इंटरफेसवर एक नजर टाका आणि मग मला विचारा.