तुम्ही विचारलंत म्हणून : पुन्हा '९६'च का?

घरी टीव्हीवर '९६' लावलेला दिसला की येणारा-जाणारा हमखास विचारतो, "अहो, परत तोच? एवढ्या प्रेमकथा आवडतात तुम्हाला?" आता एकदाच सांगून टाकते. त्यातल्या प्रेमासाठी मी तो पाहत नाही. (नायिका त्रिशाच्या पिवळ्या कुर्त्यासाठी थोडा पाहते, ते वेगळं.)

सी. प्रेमकुमार यांचा हा तमिळ सिनेमा 2018चा. विजय सेतुपतीचा राम फोटोग्राफर. फिरता फिरता तो आपल्या गावी, तंजावरात येतो आणि शाळेत शिरतो. ओळखीचा भेटतो तो एक म्हातारा वॉचमन, बाकी वर्ग रिकामे. मला वाटतं, रिकामे आहेत म्हणूनच त्याची आत जायची हिंमत होते. मग मित्राला फोन, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि बावीस वर्षांनी बॅच भेटते ती चेन्नईत.

शाळेत रामच्या वर्गातली जानू, म्हणजे सिनेमाची नायिका, सुंदर गायची. रामला तिच्या तोंडून इळैयाराजांचं 'यमुनै आट्रिले' ऐकायचं असतं, पण मागायची छाती नाही. तो मित्रांना पुढे करतो, आणि ती मुद्दाम दुसरंच काहीतरी गाते. रामला वाटतं, आपलं गुपित आपल्यापाशी. प्रत्यक्षात अख्ख्या वर्गाला ठाऊक! इतकं, की बावीस वर्षांनी जानू सिंगापूरहून येते तेव्हा हे दोघं एकत्र दिसताच मित्रमंडळींचा जीव टांगणीला लागतो. त्यातली सुभा देवदर्शिनीने केलीय आणि शाळकरी सुभा तिच्या सख्ख्या मुलीने. किती साधी, चतुर निवड!

आणि राम शाळेतून नाहीसा होतो तो दहावीच्या सुट्टीत. वडिलांच्या डोक्यावर कर्ज, म्हणून घरच हलतं. सुट्टी संपते, जानू वर्गात वाट बघते. इथे मी दर वेळी उठून चहा टाकायला जाते.

आमचं बार्शीला भुसाराचं दुकान होतं. आठवीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात घेणेकरी ओसरीवर येऊन बसायला लागले. एका पहाटे आम्ही टेम्पोत सामान भरून पिंपरीला मामाकडे आलो. "कुणाला बोलायचं नाही," आईने बजावलं होतं. मी बोललेही नाही. पुढे लग्नानंतर आडनाव बदललं, त्यामुळे वर्गातल्यांनी शोधलं तरी मी फेसबुकवर सापडेना. सापडले तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती.

स्नेहमेळाव्याला गेले, ती एसटीत बसल्यापासून उत्तर घोकत. कुणी विचारलं, कुठे गेलीस गं अचानक, तर म्हणायचं, वडिलांची बदली झाली. विचारलं एकाने. मी म्हटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, विषय भगवंताच्या देवळाकडे आणि कुणाच्या तरी गुडघ्यांकडे वळला. मी सुटले.

जेवणाच्या पंगतीत माझी जुनी बाकमैत्रीण शेजारी बसली होती. तिने माझ्या पानात शेंगाचटणी वाढली आणि कानाशी येऊन म्हणाली, "का गं, दुकानदाराची बदली कुठल्या खात्यातून होते?"