कॉमन मीटर बिल्डरच्या नावावर असेल तर

पत्र्यावरच्या उन्हात भाकरी भाजावी असा आमचा उन्हाळा, आणि तरी आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीनं गच्चीवर सौर पॅनल बसवायला एवढा उशीर केला. कारण पैसे नव्हे. पैशाचं एका बैठकीत ठरलं, पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे म्हटल्यावर कुरकुरणारेही गप्प झाले. अडलं ते एका सहीवर.

पॅनलवाल्यानं कॉमन बिल हातात घेतलं आणि विचारलं, "मालक, मीटर कुणाच्या नावावर आहे बघितलंय का?" बिल्डरच्या! इतकी वर्षं जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या मोटरचं बिल आम्ही वर्गणी काढून भरतोय, आणि ग्राहक कोण, तर बिल्डर. अनुदान सोसायटीच्या खात्यात हवं तर आधी नाव बदला.

त्यासाठी जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र मागतात. बिल्डरच्या ऑफिसात गेलो की साहेब साईटवर. फोन केला की साहेब पुण्याला. एकदा भेटले तर म्हणे, "अहो, एवढ्याशा सहीला काय, पाठवून देतो." ते पाठवणं काही झालं नाही. पुढे त्यांच्या माणसानं पार्किंगचा कुठलातरी जुना हिशेब उकरून काढला. तो मिटवा, मग सही. आमचे सेक्रेटरी काका शांत गृहस्थ, पण त्या दिवशी तेही खुर्ची सरकवून उठले.

सुटलं कसं ते सांगतो, कारण हे आम्हाला कुणीच आपणहून सांगितलं नाही. संमतीपत्र मिळत नसेल तर मालकीचा पुरावा चालतो, वीज पुरवठ्याच्या नियमांतच तशी सोय आहे. आमचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं होतं. नोंदणीकृत दस्त, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सभेचा ठराव जोडून अर्ज केला. आधीची थकबाकी मात्र शून्य लागते. नाव बदललं! बिल्डरकडचं पत्र अजून यायचंच आहे.

पुढचं सगळं सुरळीत. पण पॅनलआधी वापर कमी करा, नाहीतर उगाच मोठा प्लांट गळ्यात पडतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. ते आलं की मोटर सुरू, आणि टाकी भरून वाहिली तरी सुरूच. यंत्रमागावर हयात गेलेल्या तळमजल्यावरच्या अण्णांनी टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवून घेतला. दोन एचपीची मोटर म्हणजे तासाला साधारण दीड युनिट, तेवढं गटारात जात होतं. जिन्यातले ट्यूब काढून सेन्सरचे एलईडी लावले. घरचं बिलही उतरावं म्हणून वहिनींनी पुढाकार घेऊन घरोघरी कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे एकदम घाऊक भावात आणले. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, हा तिसाच्या आसपास. दुसऱ्या मजल्यावरच्यांना अजून त्याचा रिमोट सापडत नाही, ते वेगळं.

गच्ची बघताना किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरा, आणि पाण्याच्या टाकीची सावली दुपारी चारला कुठं पडते ते स्वतः वर जाऊन बघा. पॅनलवाला सकाळीच येऊन माप घेऊन जातो.