नसत्या चौकश्या

मामीने कापडी पिशवी हातात कोंबली आणि जेटीवर पिटाळलं. ‘बांगडे आण. आणि बेगीन ये.’ होड्या यायला अवकाश होता, म्हणून विजयदुर्गाच्या किल्ल्यात एक चक्कर मारू म्हटलं. तिथेच घोटाळा झाला.

किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. बुटके, कोणीतरी घराची ओटी बांधायला घ्यावी आणि पैसे संपले म्हणून सोडून द्यावी तसे. गावात विचारलं तर सांगतात, १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकियर नावाच्या साहेबाने इथून दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे त्याचा दिवसही साजरा होतो.

आता १८ ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. कोकणात तेव्हा सूर्य दिसला तरी लोक अंगणात येऊन बघतात. मग साहेबाने नेमकं काय पाहिलं?

आमच्याकडे ही खोड सार्वत्रिक आहे. तळेऱ्याला एसटीत बसा, शेजारची आजी ‘खंयचो तू? कोणाचो झील?’ असं सुरू करते आणि पडेल कॅन्टीन येईपर्यंत तुमचं आजोळ, काकूचं माहेर आणि जमिनीचा दावा सगळं तिच्या पदरात पडलेलं असतं. मी तेच करतो, फक्त माझी चौकशी माणसांपाशी थांबत नाही. कट्ट्यावर बसलो, फोन काढला आणि विचारायला लागलो, हा साहेब कोणाचा?

तर हा नॉर्मन लॉकियर १८६८ साली इंग्लंडच्या युद्धखात्यात कारकून होता. आकाश बघणं हा फावल्या वेळचा नाद. ऑगस्टच्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची रंगवार फोड, पाहणारा जान्सेन हा फ्रेंच माणूस होता आणि तो होता गुंटूरला. लॉकियरने तसाच वर्णपट ऑक्टोबरात, ग्रहणाबिहणाशिवाय, इंग्लंडमध्ये बसून पाहिला. त्यातली एक पिवळी रेघ कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून तिला हेलियम म्हटलं. सोडियमसारखं ‘इयम’ शेपूट लावलं, कारण त्याला वाटलं हा धातू असणार. निघाला वायू. पृथ्वीवर तो रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला सापडेपर्यंत १८९५ उजाडलं. म्हणजे सत्तावीस वर्षं हा पाहुणा फक्त सूर्याकडे राहत होता.

मग कट्टे? लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरं, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तेव्हा तो चांगलाच मोठा माणूस झालेला होता. कट्टे त्या वेळचे असावेत असा माझा आपला तर्क. जानेवारीत इथे आभाळ घासलेल्या तांब्यासारखं असतं, आंब्याला मोहोर असतो. साहेबाला तारीख चांगली मिळाली.

इथे उठायला हवं होतं. पण जानेवारी १८९८ म्हटल्यावर डोक्यात दुसरंच वाजलं. रँडचा खून १८९७च्या जूनमधला. त्या सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. म्हणजे इंग्रजांचा एक पाहुणा आमच्या किल्ल्यातून सूर्य बघत होता, तेव्हा रत्नागिरीत जन्मलेला दुसरा आकाशवेडा इंग्रजांच्याच तुरुंगात होता. कोठडीच्या गजांतून ग्रहण दिसतं तरी किती?

आकाशवेडा अशासाठी की टिळकांचा ‘ओरायन’ १८९३चा. वेदांच्या काळी वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, मृगशीर्षात होता, म्हणून वेद इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांचे, असा त्यांचा हिशेब. तिकडे लॉकियरने १८९४ साली इजिप्तची देवळं कुठल्या ताऱ्याकडे तोंड करून बांधली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. दोघांची पुस्तकं वर्षाच्या अंतराने. दोघांचे बरेचसे निष्कर्ष आज विद्वान मान्य करत नाहीत, पण त्याने माझं काही बिघडत नाही. मला तो एका कारकुनाचा आणि एका संपादकाचा एकाच वेळचा चळ आवडतो. शिवाय लॉकियरने म्हातारपणी टेनिसन या कवीवरही पुस्तक लिहिलं, त्याच्या कवितेतल्या निसर्गावर. हा मनुष्य एसटीत भेटायला हवा होता.

मृगशीर्ष म्हणजे आपला मृग. मृग म्हणजे मिरग, मिरग म्हणजे कोंबडा आणि वडे. इथवर पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडायला लागले आणि पिशवी आठवली.

जेटीवर बांगडे केव्हाच संपले होते. मांदेलीचा एक वाटा उरला होता, तोही बर्फाखाली चेपलेला.

मामीने पिशवीत बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईने साहेब, पिवळी रेघ, टिळक असं सगळं सांगून टाकलं. ती मांदेलीची डोकी मोडत मुकाट ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘आणि इतक्या लांबसून इललो तो, जेवलो खंय?’

मी परत फोन काढला.