पहिली-दुसरीत मूल्यशिक्षण आणि नागरिकत्व: माझा अनुभव

आदर, प्रामाणिकपणा, जबाबदारी हे शब्द सहा-सात वर्षांची मुलं चटकन पाठ करतात, विचारलं की म्हणूनही दाखवतात आणि लगेच पेन्सिलीवरून भांडतात. म्हणून मी प्रत्येक मूल्याला वर्गातलं एक डोळ्यांना दिसणारं काम जोडते. आदर म्हणजे दुसरा बोलत असताना थांबणं. जबाबदारी म्हणजे वापरलेले खडू खोक्यात परत ठेवणं. एका मूल्याला तीन आठवडे तरी द्यावेत. दर आठवड्याला नवं मूल्य घेतलं तर एकही अंगवळणी पडत नाही.

सुरुवात वर्गाच्या नियमांपासून. नियम मुलांनीच सुचवायचे, चार किंवा पाच. त्याहून जास्त त्यांच्या लक्षात राहत नाहीत. मुलं बहुतेक 'नाही'चेच नियम सांगतात: मारायचं नाही, पळायचं नाही. त्यावर मी विचारते, "मग काय करायचं?" 'पळायचं नाही'चं 'वर्गात चालत जायचं' होतं. प्रत्येक नियमाशेजारी मुलांनी काढलेलं चित्र लावते, कारण सगळ्यांना अजून वाचता येत नसतं. महिन्यातून एकदा विचारायचं, कोणता नियम जमत नाही आणि का. उत्तर पटलं तर नियम बदलायचा.

गोलात बसून बोलायला पंधरा मिनिटं पुरतात. ज्याच्या हातात चेंडू तोच बोलेल, आणि बोलायचं नसेल तर चेंडू पुढे देता येईल. तीस मुलांना अर्धा-अर्धा मिनिट दिला तरी पंधरा मिनिटं होतात आणि शेवटची मुलं चुळबुळायला लागतात. मोठ्या वर्गात निम्मी मुलं आज, निम्मी उद्या, हेच बरं.

मतदान मात्र नीट घडवावं लागतं, कारण नागरिकत्वाचा गाभाच तिथे हाताला लागतो. हात वर करायला सांगितले की मुलं आधी मैत्रिणीकडे किंवा मित्राकडे बघतात. त्यापेक्षा दोन डबे पडद्याआड ठेवायचे, प्रत्येकावर पर्यायाचं चित्र, आणि प्रत्येकाला एकच बटण द्यायचं. मुलं एकेक करून आत जातात. नंतर सगळ्यांसमोर प्रत्येक डब्यातली बटणं वेगळ्या ओळीत मांडून मोजायची. ओळ कुठली लांब ते त्यांना स्वतःला दिसतं, त्यामुळे 'बाईंनीच ठरवलं' असं वाटत नाही. प्रश्न खरा हवा: आज कोणता खेळ खेळायचा, कोणती गोष्ट वाचायची. निकाल त्याच दिवशी अमलात आणायचा. आठवड्यानंतरचा खेळ या वयाला फार लांबचा.

हरलेल्या बाजूची मुलं रडतात. त्यांना गप्प करू नये. त्यांचा पर्याय पुढच्या मतदानात पुन्हा ठेवते, आणि जिंकलेल्यांना विचारते, यांनाही खेळात मजा यावी म्हणून काय करता येईल? एक गोष्ट मात्र मी कधीच मताला टाकत नाही: कुणाला खेळात घ्यायचं की नाही. बहुमताने कुणालाही वर्गाबाहेर काढता येत नाही, हे मुलांना पहिल्या मतदानाआधीच सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा हक्क देतं आणि त्या मताला वय व समज पाहून वजन द्यायला सांगतं. सगळे निर्णय मुलांवर सोडा, असं ते म्हणत नाही.

भांडण झालं की लगेच 'सॉरी म्हण' असा आग्रह मी धरत नाही. सॉरी म्हटलं की सुटका, एवढंच मूल त्यातून शिकतं. आधी दोघांना शांत होऊ द्यायचं, मग तीनच प्रश्न: काय झालं? त्याला कसं वाटलं असेल? आता काय केलं तर बरं होईल? पाडलेला मनोरा परत रचायला मदत करणं ही खरी भरपाई. इथे एक अडचण हमखास येते. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1932 मध्येच दाखवलं होतं की लहान मुलं हेतूपेक्षा नुकसान मोजतात: चुकून पंधरा कप फोडणारा त्यांना आगाऊपणा करताना एक कप फोडणाऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटतो. त्यामुळे 'मुद्दाम केलं की चुकून?' हे आपल्याला दर वेळी मोठ्याने विचारावं लागतं.

प्रामाणिकपणासाठी भीतीच्या गोष्टी मी टाळते. कॅनडातल्या संशोधकांनी 2014 मध्ये 3 ते 7 वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात खोट्याची शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टींचा उपयोग झाला नाही. खरं बोलल्याबद्दल कौतुक झालेली गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. मुलाने कबुली दिली की आधी "खरं सांगितलंस, बरं केलंस" म्हणायचं, मग सांडलेलं पुसायला फडकं द्यायचं.

मूल्यांना गुण किंवा स्टिकर देत नाही. स्टिकर मिळतं म्हणून मदत करणारं मूल आधी बाई बघतायत का ते पाहतं. त्याऐवजी वहीत रोज दोन-तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहिते: न सांगता कुणी काय केलं, आणि कुठे आठवण करून द्यावी लागली. पालकांशी बोलताना हीच ओळ वाचून दाखवते.