कवापासून?

मावशीच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या फेब्रुवारीत बदलल्या. डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली, बाजारात जायला दिली, वारीला दिली नाही. चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मला फोन आला. "दिंडीची भिशी, जेवणाखाणाचे पैसे, भरलेली आहे गं. माझ्या जागी तू चाल."

मी चालणाऱ्यांतली नाही. आमच्या घरात वारी म्हणजे मावशी. वीसेक वर्षं पालखी पुण्यात आली, की रात्री ती भवानी पेठेतून रिक्षा करून आमच्याकडे, दांडेकर पुलापलीकडे यायची. कढत पाण्याने अंघोळ, दोन लुगडी मशीनला, पिठलं-भात, पंख्याखाली झोप, आणि दुसऱ्या रात्री परत राहुटीत. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्या कधी मनातही आलं नाही. हे आधीच सांगून ठेवते.

आळंदीचं प्रस्थान मी पाहिलं असं म्हणवत नाही. मी एका उंच माणसाची पाठ पाहिली. "हलला, हलला, कळस हलला" असा गलका झाला आणि शेजारची बाई हमसून हमसून रडायला लागली. माझ्या पायावर कुणीतरी उभं होतं, आणि कोण ते वाकून बघायलाही जागा नव्हती.

पहाटे निघालो. मावशीने शिकवून ठेवलं होतं, पहिल्या कर्ण्याला उठायचं, दुसऱ्याला आवरायचं, तिसऱ्याला पाय उचलायचा. आमची दिंडी रथापुढची. पुढे पताका, मग टाळकरी, मधे विणेकरी, मृदंग, मागे तुळशीवाल्या आणि आम्ही. थोरल्या पादुकांपर्यंत मी अगदी ओळीत होते. हरिपाठ पाठ नव्हता तरी शेवटचा शब्द पकडून म्हणत होते, आणि खरं सांगते, त्या दोन तासांत फार म्हणजे फारच बरं वाटत होतं. पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, ऑफिस नव्हतं.

दिघीच्या पुढे टाच बोलायला लागली.

सँडल नवी होती. ट्रेकिंगची, जाड पट्ट्यांची. नवऱ्याने हौसेने आणली होती. वारीला नवी चप्पल घालून जाऊ नये हे मावशीने सांगितलं नाही, कारण इतकी साधी गोष्ट सांगावी लागेल असं तिला वाटलंच नसणार. फुलेनगरला जेवताना पाय मोकळे केले तेव्हा उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता. संगमवाडीपर्यंत तो दोन रुपयांचा झाला. दिंडीचा वेग मला झेपेना, आणि मागे पडून रथाच्या गर्दीत चेंगरण्यापेक्षा पुढे निघून जाऊ म्हणून विणेकरीबुवांना सांगून मी मोकळ्या समाजात, म्हणजे दिंडीशिवाय चालणाऱ्यांत, घुसले. पाटील इस्टेटपासून स्वागताचे फलक सुरू झाले. प्रत्येक फलकावर विठोबा बोटभर आणि स्वागतोत्सुक हातभर. ध्वनिक्षेपकावरून एक बाई "माउलींनी केळीची सालं रस्त्यावर टाकू नयेत" असं इतक्या गोड आवाजात सांगत होती, की मला केळं खाऊन साल टाकाविशी वाटली.

फर्ग्युसन रस्ता माझा कॉलेजचा रस्ता. त्याच रस्त्यावरून लंगडत जाताना एका मुलीने मोबाइल रोखला आणि म्हणाली, "आजी, जरा टाळ वाजवा ना." मी सेहेचाळीस वर्षांची आहे. आणि माझ्याकडे टाळ नव्हता.

लकडी पुलावर पट्टा सुटला. तळव्यातून सरळ उपटून बाहेर. नवी कोरी, तीन हजारांची सँडल. मी ती हातात घेतली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी अलका चौकात आले. तिथे एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर चर्मकार मंडळी सेवेला बसली होती. पुण्यात हे दर वर्षी असतं, चपला शिवून देतात, कुणी पाय चेपून देतात, न्हावी दाढी करून देतात, पैसे घेत नाहीत. मी रांगेत उभी राहिले. पुढे दहा-बाराजण असतील.

"बाई, ही लाईन वारकऱ्यांची हाय."

मागे वळून बघितलं. सत्तरी ओलांडलेले एक बाबा. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पैरण घामाने पिवळट, कपाळावर बुक्का ओघळलेला. हातात एक चप्पल, तिच्या तळाला टायरचा तुकडा मारलेला. खांद्याला पोत्याची पिशवी आणि तिच्यावर लाल रंगात दिंडीचा आकडा.

"मी वारकरीच आहे," मी म्हणाले.

"कवापासून?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? मी खरं ते सांगितलं. "कालपासून."

रांग हसली. वाईट हसली नाही, पण हसली. एक पोरगेलासा टाळकरी तर तोंडावर उपरणं धरून.

"माळ हाय का गळ्यात?"

"नाही."

"मंग? गाडी असंल घरी. ही चप्पल शिवायला कामून उभ्या राहिल्या? नवी घ्या. गरिबाच्या लाईनीत कामून?"

मला वाटतं मी दिवसभर कुणावर तरी ओरडायची वाट बघत होते. त्या मुलीवर ओरडता आलं नव्हतं, फलकांवर येत नव्हतं. मी त्यांना म्हणाले, तुम्ही रांगेचे मालक आहात का? मी म्हणाले, सकाळपासून ज्याला त्याला तोंडाने माउली माउली म्हणायचं आणि बाईमाणसाचा रस्त्यात असा अपमान करायचा, हे कुठल्या महाराजांनी शिकवलं? आवाज चढला होता. पोलिस बघायला लागला. बाबाही काही ऐकून घेणारे नव्हते. ते म्हणाले, पुण्याचे लोक सगळे असेच, अर्धा दिवस चालायचं, फोटो काढायचा, आणि रातच्याला घरी जाऊन गादीवर पडायचं.

"मी घरी जाणार नाहीये," मी ओरडले. "मी राहुटीतच झोपणार आहे. रोज. पंढरपूरपर्यंत!"

नवरा साडेसातला खंडुजीबाबा चौकात स्कूटर घेऊन उभा राहणार होता. तसं सकाळीच ठरलं होतं.

"माउली, दोघांच्या चपला द्या इकडं," चप्पल शिवणारा माणूस मान वर न करता म्हणाला. "अन् दोघंबी बसा."

पुढच्या दहाजणांनी काही कुरकुर केली नाही. भांडण थांबतंय तर थांबू दे, असाच हिशोब असावा. त्याने बाजूला एक गोणपाट टाकलं आणि त्या गोणपाटावर मी आणि ते बाबा शेजारी शेजारी, अनवाणी, तोंडं विरुद्ध दिशांना करून बसलो.

दहा मिनिटं लागली असतील. समोरून दिंड्या जात होत्या, लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी इतका कल्लोळ होता की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये, आणि मी बघत होते ती आरी. आधी भोक, मग मेण ओढलेला काळा दोरा, मग पलीकडून ओढून गच्च. दोरा ओढताना त्याच्या करंगळीला जुना घट्टा होता, तिथे दोरा बरोबर बसायचा. बाबांची चप्पल त्याने आधी घेतली. दोन खिळे मारले, हाताने वाकवून पाहिलं, झालं. माझ्या सँडलला वेळ लागला. रापीने कड सोडवून पट्टा परत आत सरकवावा लागला. "माल भारी दिसतो नुसता," तो पुटपुटला, "चिकटवलेलं असतंय सगळं."

बाबा चप्पल घालून उठले नाहीत. त्यांचे पाय माझ्या पायांशेजारी होते. टाचांना भेगा, त्यांत आळंदीपासूनची माती, अंगठ्याचं नख काळं पडून वर आलेलं. माझ्या बोटांना नेलपॉलिश. त्यांनी माझ्या टाचेकडे बघितलं. चेहऱ्यावरचा राग तसाच.

"फोडू नका त्याला. सुईदोरा ओवा न् दोरा तसाच आत राहू द्या. पाणी निघून जातं, कातडं राहतं."

मी उत्तर दिलं नाही. ते उठले आणि गर्दीत गेले.

साडेसातला मी स्कूटरवर बसले. बसताना मागेपुढे बघून घेतलं, कुणी बघत नाही ना म्हणून. घरी कढत पाणी तयार होतं. मी बाथरूममध्ये बसून फोड नखाने टरकावला. त्यांनी सांगितलं होतं म्हणूनच. मलम लावलं, पिठलं-भात खाल्ला. रात्री दोनला पावसाची सर आली. मला झोप लागली नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. लागली. सात तास लागली. मावशीचा फोन आला तेव्हा मी घरातच होते. "आत्ता कुठे आहेस?" "घरी." "बरं. लुगडी धुऊन घे." तिला ते ठाऊकच होतं, ती स्वतः तेच करायची. मग मी अलका चौकात ओरडून खोटं का बोलले? "हो, जाणार आहे घरी, माझी मावशीपण जायची," एवढंच म्हणायचं होतं. दुसरा आख्खा दिवस मी गॅलरीत बसून हेच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने त्या बाबांना ऐकवत होते. प्रत्येक वेळी ते निरुत्तर व्हायचे.

पुढचे दिवस कुणी विचारले तर मला नीट सांगता येत नाहीत. जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, चांदोबाचा लिंब, वाखरी, सगळं एकमेकांत कालवलं गेलंय. लोणंदला की फलटणला, कुठेतरी एका शाळेच्या व्हरांड्यात एका म्हातारीने झोपेत रात्रभर माझा हात धरून ठेवला होता. कळस दिसला तेव्हा मी रडले. का ते माहीत नाही.

पण वडकी आठवते. पुण्याहून निघालो तो तिसरा दिवस, सासवडपर्यंत ३० किलोमीटरच्या वर, आणि मधे दिवे घाट. हडपसर यायच्या आत टाचेचं कातडं निघून आतलं लाल मांस सँडलच्या पट्ट्याला चिकटायला लागलं होतं. पट्टा मात्र पक्का. इकडचा तिकडे हलला नाही. वडकीला दुपारचा विसावा. रस्त्याकडेच्या शेतांत दिंड्यांचे ट्रक लागले होते आणि ट्रकांवर आकडे. मी आमच्या ट्रककडे जायचं सोडून बाबांच्या पिशवीवरचा तो लाल आकडा शोधत निघाले. (कुठला ते लिहीत नाही. त्या दिंडीला उगाच त्रास नको.) अर्धा तास लंगडत फिरले. पोटात कावळे, आणि त्यात स्वतःचा राग, की हे आपण का करतोय.

सापडले. पंगत बसली होती आणि बाबा हातात आमटीची बादली घेऊन कुणातरी वाढप्यावर खेकसत होते, भात आधी की पोळी आधी यावरून. मी जवळ गेले.

"बाबा, मी घरी गेले होते त्या रात्री."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्ण कोरं. आमटी थेंब थेंब त्यांच्या पायावर गळत होती.

"कुणाच्या?"

"माझ्या. माझ्या घरी. अलका चौकात तुम्ही... ती चप्पल..."

"अलका कोण?"

मागचा माणूस भाताचं घमेलं घेऊन खोळंबला होता. बाबांचं कपाळ आक्रसलं. आता तो ओळखीचा राग होता, पण माझ्यासाठी खास ठेवलेला नव्हता, कुणालाही मिळाला असता.

"जेवल्या का? नाही? मंग उभ्या कामून, वाट अडवून? बसा तिकडं. ए, पत्रावळ द्या रे ह्या बाईला, मधी येऊन उभी राहिली उगं."

बसले. पाय पुढे करून, टाच मातीला लागणार नाही अशी तिरकी ठेवून. आमटी इतकी जहाल होती की दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "असू द्या, माउली. पांडुरंगाला सगळं कळतं."

मी तिला तिखटाचं काही सांगितलं नाही.