मलिक अंबरला गेममध्ये आणताना

आमच्या गेममधला पहिला मलिक अंबर पंचविशीतला होता. रुंद छाती, अंगात चिलखत, हातात उपसलेली तलवार, पाठीमागे आगीचे लोळ. चित्रकार मित्राने दोन रात्री जागून ते चित्र काढलं होतं आणि ते बघून आम्ही तिघंही खूश झालो होतो. मग मी वर्षं मोजली. आमचा खेळ १५९५ मध्ये सुरू होतो आणि अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. म्हणजे पहिल्याच चालीला तो सत्तेचाळीसचा. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरच्या फौजा एकत्र हरवल्या, तेव्हा तर पंचाहत्तरी ओलांडलेला. चित्र बाजूला ठेवावं लागलं आणि मित्र आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

आम्ही तिघं मिळून कॉम्प्युटरसाठी चालीचालीने खेळायचा एक स्ट्रॅटेजी गेम बनवतोय. एक जण कोड लिहितो, एक चित्रं काढतो, आणि नियम, पात्रं, संवाद माझ्याकडे. विषय दख्खन. नेते पाच: अहमदनगरच्या निजामशाहीकडून चांदबीबी आणि मलिक अंबर, विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा, गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुतुबशहा, आणि मोगलांकडून आधी अकबर व नंतर जहांगीर, हे दोघे मिळून एकच जागा. हा काळ निवडायचा हट्ट माझा होता. मी छत्रपती संभाजीनगरचा. अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली तेच हे शहर. त्याने डोंगरातून जमिनीखालून पाणी आणलं, त्या नहरीचे उंच बांधीव मनोरे बघत मी शाळेत जायचो. ते कशाचे आहेत हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. एक मोठा तक्ता. आडवे रकाने: शौर्य, मुत्सद्दीपणा, क्रौर्य, धर्मनिष्ठा, लोभ. प्रत्येकाला दहापैकी गुण. अंबरला शौर्य ९, मुत्सद्दीपणा ८. चांदबीबीला शौर्य ९, मुत्सद्दीपणा ७. खेळून पाहिलं तर दोघांत काही फरकच जाणवेना. चेहरे वेगळे, झेंडे वेगळे, पण समोरचा माणूस तोच.

इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक आमचे कागद वाचून देतात. त्यांनी तो तक्ता पाहिला आणि गुणांकडे न बघता पहिल्याच रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘राजा’.

“यातला अंबर राजा कधी झाला?” सरांनी विचारलं. “आणि चांदबीबी?”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. चांदबीबी पहिल्या हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाची बेगम. तो गेल्यावर विजापुरात लहानग्या इब्राहिमच्या नावाने तिने कारभार पाहिला, पुढे अहमदनगरात बहादूर निजामशहा या लहान वारसाच्या नावाने ती लढली. गादी तिची कधीच नव्हती. अंबरचं तर त्याहून पुढचं. इथिओपियात जन्म, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या एका व्यापाऱ्यामार्फत दख्खनमध्ये आला. इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगीझखानाने, जो स्वतः हबशी होता. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं, तेव्हा अंबरने घराण्यातला एक मुलगा शोधून काढला, परांड्याला त्याला मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. पुढची सव्वीस वर्षं लढला तो निजामशहाच्या नावाने. स्वतः गादीवर बसला नाही. हे सगळं वाचलेलं असूनही मी त्या तक्त्यात ‘राजा’ लिहिलं होतं, कारण स्ट्रॅटेजी गेममध्ये नेता म्हणजे राजा हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन तक्ता पुसला आणि एका नेत्याच्या दोन जागा केल्या: गादी आणि कारभारी. मान गादीचा, निर्णय कारभाऱ्याचा. जहांगीर आणि कुतुबशहा यांच्याकडे दोन्ही एकाच हातात. अंबर आणि चांदबीबीकडे नाही. गादीचा मान घसरला की सरदार कुरकुर करतात, आणखी घसरला तर पलीकडच्या छावणीत जातात. लखुजी जाधव मोगलांकडे गेले हे काही कल्पनेतलं नाही. आणि कारभाऱ्याने गादीवरच्या माणसाला फारच दाबलं, तर तो मोठा होतो तसा त्याच्या मनात संशय वाढतो. मग खेळणाऱ्याला अंबर म्हणून रोज तोच हिशेब करावा लागतो: आज लढाईला पैसा लावू, की दरबाराला?

इतका एक बदल केला आणि गुणांचे आकडे जवळजवळ निरुपयोगी झाले. मुत्सद्दीपणा ८ म्हणजे काय, ते आता आकड्यात नव्हतं. खेळणारा काय करायला धजतो आणि काय टाळतो, त्यात होतं.

आता युद्धाचं. अंबरची लढाई म्हणजे बारगिरांची. हलके मराठा स्वार घेऊन मोठ्या फौजेच्या समोर यायचंच नाही, तिची रसद तोडायची, चारापाणी मिळू द्यायचं नाही, घाटात गाठायचं. गनिमी कावा हा शब्द आपण शिवाजी महाराजांपासून धरतो, पण शहाजीराजे ज्या पद्धतीच्या लढाया तरुणपणी बघत वाढले, त्या या. कोड लिहिणाऱ्या मित्राला मी सांगितलं, शत्रूपेक्षा आपलं बळ दीडपट नसेल तर अंबरने लढाई टाळायची. त्याने तसं केलं. पहिल्या चाचणीत नोंदी अशा आल्या: चाल ४१, अंबर, माघार. चाल ४२, अंबर, माघार. चाल ४३, अंबर, माघार. चाल ४९ ला त्याने दौलताबाद सोडला. दौलताबाद! तो किल्ला बघितलेल्या माणसाच्या पोटात गोळा येईल.

दोन आठवडे आम्ही आकडे खालीवर करत बसलो. चूक आकड्यात नव्हतीच. लढाई टाळणं आणि पळणं ही आमच्या कोडमध्ये एकच कृती होती. ती वेगळी केली. आता टाळायचं ठरलं की फौज टोळ्यांत फुटते आणि प्रत्येक टोळी जवळच्या रसदेच्या तांड्याकडे वळते. शत्रूचं धान्य एक तृतीयांशाखाली गेलं की हिशेब उलटतो: मग समोरची फौज मोठी असली तरी अंबर अंगावर येतो. किल्ल्यांना हा नियम लागूच नाही, किल्ला तो शेवटपर्यंत सोडत नाही.

माझा पुतण्या बारावीत आहे, त्याला मोगल देऊन बसवलं. बुऱ्हाणपूरहून जंगी फौज घेऊन तो अजिंठ्याचा घाट चढून आला. हत्ती, तोफा, सगळं. पंधरा चाली झाल्या, वीस झाल्या.

“काका, हा भेटतच नाही. बिघडलाय का?”

“धान्य बघ,” मी म्हटलं.

निघाला तेव्हा साठ होतं. आता अकरा. तो काही बोलला नाही. परत फिरावं तर मागे घाट, पुढे जावं तर खायला नाही. पुढच्या चालीला अंबर आला. त्या रात्री पुतण्याने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि घाटापासून पुढे नकाशावरच्या दर दोन घरांवर एक ठाणं बांधत हळूहळू सरकला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी रात्री साडेअकराला सरांना फोन केला.

भातवडी मात्र नियमात बसवणं अवघड गेलं. अहमदनगरजवळच्या त्या गावाच्या तलावाचा बांध फोडून अंबरने शत्रूच्या तळाभोवती चिखल केला होता. आधीच उपाशी असलेली फौज त्यात अडकली. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. आपल्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. याचं एक बटण करून ‘बांध फोडा’ लिहिणं सोपं होतं, पण मग प्रत्येक जण प्रत्येक तलावाशी तेच करेल. शेवटी बांध फोडला की त्या गावाचं पुढच्या दोन हंगामांचं पीक जातं असं केलं. मलिकंबरी धारा, म्हणजे त्याची सारा ठरवायची पद्धत, आजही जुन्या कागदांत सापडते. जमिनीचा कस बघून सारा ठरवणारा माणूस हा. गावाचं पाणी सोडताना त्याने काहीतरी मोजलंच असणार.

चांदबीबीचा नियम एका रात्रीवर उभा आहे. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादने अहमदनगरला वेढा घातला, तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला भगदाड पडलं. ती स्वतः भगदाडात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला. तेव्हा ती जातीने किल्ल्यात असेल तर पडलेला तट एका चालीत अर्धा भरून येतो. यात वाद नव्हता. वाद पुढचा. वऱ्हाड देऊन तिने तह केला, आणि १६०० मध्ये पुन्हा वेढा पडल्यावर ती मोगलांशी बोलणी करतेय म्हणून तिच्याच लोकांनी तिला मारलं. मी नियम ठेवला की तिने शत्रूशी बोलणी केली की आपल्याच सरदारांचा संशय वाढतो. खेळून बघणाऱ्या दोघींनी सांगितलं, हा अन्याय आहे, इतर नेत्यांना असं काही नाही. खरंच नाही. मी नियम काढला नाही, पण संशय डोळ्यांना दिसेल असं केलं: दरबाराच्या चित्रात एकेक सरदार तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. निदान खेळणाऱ्याला ते वेळेत दिसावं.

इब्राहिमचं पात्र बराच काळ मेंगळट होतं. ‘कलाप्रेमी’ म्हटलं की पात्र मरतं. मग त्याच्या तंबोऱ्याचं नाव वाचलं: मोतीखान. वाद्याला नाव देणारा, दख्खनीत सरस्वती-गणपतीवर पदं रचणारा, लोक ज्याला जगद्गुरू म्हणायचे तो माणूस आपलं नवरसपूर कुणी लुटलं तर काय करेल? अंबरने १६२४ मध्ये ते लुटलंच होतं. म्हणून आमचा इब्राहिम फौज हरली तरी तह करतो, वऱ्हाडाच्या आकाराचा मुलूख गेला तरी तह करतो, पण नवरसपूर जाळणाऱ्याशी मरेपर्यंत करत नाही. कुतुबशहाचं काम अजून अर्धवट आहे. हैदराबाद वसवणारा आणि कविता करणारा, एवढ्यावर तो इब्राहिमची नक्कल होतो, आणि ते मला नको आहे.

जहांगीरसाठी एक चित्रच पुरेसं होतं. अबुल हसनने काढलेलं, आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर लावलेल्या अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात तो मांडूपर्यंत आला, अंबरसमोर कधीच उभा राहिला नाही. म्हणून गेममधला जहांगीर अंबर जिवंत असेपर्यंत त्याच्यावर फौज पाठवतच राहतो, दुसरीकडे कितीही गरज असली तरी. मोगलांना हरवायची एक वाट तिथून जाते.

संवाद सगळ्यात शेवटी लिहिले. अंबरची पहिली भेट मी आधी अशी लिहिली होती: “मी मलिक अंबर! माझ्या नावाने मोगल तख्त थरथरतं!” मोठ्याने वाचलं आणि खोडलं. कागदाच्या वर लिहून ठेवलं की अंबरच्या प्रत्येक वाक्यात त्याने डोळ्यांनी बघितलेली एक वस्तू हवी. आता तो म्हणतो, “बसा. पाणी घ्या, डोंगरातून आणलंय. मग सांगा, स्वार किती आणलेत?” आणि युद्ध पुकारताना: “तुमच्या तोफा जड आहेत. आमचा घाट अवघड आहे.”

चित्र पुन्हा काढलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हाशिम या चित्रकाराने काढलेलं अंबरचं चित्र आहे, एका बाजूने दिसणारा चेहरा, अंगात पांढरा जामा. तेच समोर ठेवलं. मित्राने या वेळी चिलखत काढून टाकलं, दाढी पांढरी केली, आणि मी न सांगता मागच्या आगीच्या जागी नहरीचा मनोरा काढला.

१६२६ मध्ये अंबर वारला. गेममध्ये त्या वर्षाच्या आसपास तो जातो आणि कारभार मुलाकडे, फतेहखानाकडे येतो. अंबरवर असलेला सरदारांचा विश्वास त्याच्याकडे आपोआप येत नाही, शून्यापासून मिळवावा लागतो. मरणाचा संवाद आम्ही लिहिलाच नाही. पुढची चाल सुरू होते तेव्हा नकाशावर खडकीच्या जागी फतेहनगर लिहिलेलं दिसतं, इतकंच. नहर तिथेच असते. ती पाडायची मुभा पुढच्या कुठल्याही कारभाऱ्याला दिलेली नाही.